हात आखडता घ्या!

हल्ली मला एक नवाच प्रश्न विचारण्यात येऊ लागला आहे. पस्तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविल्यामुळे कुत्र्याला गोचीड झाली, पोपट बोलेनासा झाला किंवा न्हाणीघरात गोम निघाली की आळीतली माणसे माझ्याकडे येत. ते अंगवळणी पडले होते. पण आता कॉलेजातली मुले येतात आणि विचारतात, “सर, पहिला टॅरेंटुला कोणता घ्यावा?” न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीच्या मुलानेही गेल्या उन्हाळ्यात टेलिफोनवर हेच विचारले. पाठोपाठ भाचीचा आवाज आला, “मामा, तूच त्याला नाही म्हणून सांग. कोळी आपण झाडूने काढतो. पैसे देऊन घरात आणत नाही!”

या प्रश्नावर आपल्याकडे दोन पक्ष पडले आहेत. एक माझ्या भाचीचा, किळसवाण्यांचा. दुसरा हौशी मंडळींचा. तळहातावर हा केसाळ प्राणी बसवून फोटो काढून घेणारांचा. मला दोघांशीही भांडायचे आहे. मात्र पहिल्या पक्षाचा अपराध अज्ञानाचा आहे. दुसऱ्याचा ज्ञानाच्या सोंगाचा आहे, म्हणून माझा मोठा वाद त्याच्याशी.

किळसवाण्यांचा समाचार थोडक्यात घेतो. टॅरेंटुला हे नावच मुळी दुसऱ्याचे आहे. इटलीत तारांतो नावाचे शहर आहे. तिथल्या शेतातला एक कोळी चावला की माणूस वेडापिसा होतो आणि बेभान नाचल्यावाचून विष उतरत नाही, अशी तिकडची जुनी समजूत. तो कोळी निराळ्याच कुळातला, आणि त्याच्या दंशात नाचायला लावण्याइतके विषही नाही. पुढे युरोपातले लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना मोठाले केसाळ कोळी दिसले आणि त्यांनी हे बदनाम नाव त्यांच्या गळ्यात बांधले. त्यानंतर १९६२ सालच्या ‘डॉक्टर नो’ या चित्रपटापासून नायकाच्या अंथरुणात हा प्राणी सोडणे हा पडद्यावरचा हुकमी धाक झाला. वस्तुस्थिती एवढीच की या कुळातल्या कोळ्याच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. नागपंचमीला नागाच्या चित्राला हळदकुंकू वाहणारे आपण. आपल्याला निदान न मारणाऱ्या प्राण्याची भीती शोभत नाही.

आता दुसरा पक्ष. या मंडळींचे पहिले सूत्र असे की हा प्राणी ‘माणसाळतो’. दुकानदार हेच सांगतो, चित्रफिती काढणारा हेच दाखवितो, आणि पहिला कोळी घेणारा पोरगा हेच ऐकून पैसे मोजतो. हे सूत्र साफ खोटे आहे. टॅरेंटुलाला डोळे आठ असतात, पण त्यांचा उपयोग बहुधा उजेड आणि अंधार ओळखण्यापुरता. त्याचे जग थरथरीचे आहे. पायांवरच्या केसांतून त्याला जमिनीचा आणि हवेचा कंप कळतो. त्या कंपाचे त्याच्या लेखी तीनच अर्थ होतात: भक्ष्य, शत्रू किंवा जोडीदार. ‘मालक’ असा चौथा अर्थ त्याच्या कोशात नाही. तो तुमच्या तळहातावर स्वस्थ बसतो तेव्हा त्याने तुमच्यावर विश्वास टाकलेला नसतो. आपण कुठे आलो हे त्याला उमगलेले नसते, एवढेच.

आणि या तथाकथित लाडाची किंमत कोण देतो? पहिल्याने कोळी देतो. त्याचे पोट म्हणजे पातळ कातड्याची पाण्याने भरलेली पिशवी. तळहातावरून फरशीवर पडला की ती फुटते आणि जनावर तिथेच संपते. दुसऱ्याने पाळणारा देतो. अमेरिका खंडातल्या बहुतेक जातींच्या पोटावर बारीक काटेरी केस असतात. चिडला की मागच्या पायांनी घासून ते हवेत उडवितो. खाजकुयली ज्याने एकदा अंगाला लावून घेतली आहे, त्याला याचे अधिक वर्णन नको. इंग्लंडात लीड्स येथे एका माणसाच्या डोळ्यात असे केस रुतल्याची हकीगत २००९च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तो गृहस्थ पेटीची काच पुसत होता. डोळा काही आठवडे लाल राहिला तेव्हा भिंगातून तपासताना डॉक्टरांना बुबुळाच्या पडद्यात ते केस दिसले. आपल्याकडच्या आणि आफ्रिकेतल्या जातींना असे केस नसतात. त्यांची भिस्त वेगावर आणि विषावर. आपल्या झाडांवरच्या पोयसिलोथेरिया कोळ्याचा दंश झाला तर मरण येत नाही, पण स्नायूंचे गोळे येतात आणि ते दुखणे दिवसेंदिवस रेंगाळते.

ही हौस नवी आहे असेही समजू नका. हेन्री बेट्स नावाचा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८४८पासून अकरा वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात हिंडला. त्याच्या १८६३ सालच्या ग्रंथात एक नोंद आहे. तिथल्या एका आदिवासी कुटुंबातल्या मुलांनी असल्याच एका अजस्र कोळ्याच्या कमरेला दोरी बांधली होती, आणि कुत्र्याला फिरवावे तसे ती त्याला घरभर फिरवीत होती. बेट्सने स्वतः असला कोळी हाताळला तेव्हा त्या केसांनी त्याला काही दिवस भंडावून सोडले, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिले आहे. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते. आज खिशात सारे ग्रंथ बाळगणारा पदवीधर तीच दोरी निराळ्या रीतीने बांधतो, आणि वर तिला ‘बाँडिंग’ म्हणतो!

आपल्या भाषेत ‘पाळणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आपण गाय पाळतो, मांजर पाळतो. आणि आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो. टॅरेंटुला पाळणे हे पहिल्या जातीचे पाळणे नव्हे, ते दुसऱ्या जातीचे आहे. ते एक पथ्य आहे. ज्याला कुरवाळायला काही हवे असेल त्याने मांजर आणावे. ज्याला न शिवता, न हलविता, न बोलाविता वीस वर्षे एखाद्या जीवाकडे पाहता येईल, त्यानेच या वाटेला जावे.

हे मान्य केले की ‘कोणता घ्यावा’ या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, आणि बाजार जे सांगतो त्याच्या नेमके उलटे येते. बाजार आधी रंग दाखवितो, मग आकार, मग किंमत. माझा पहिला प्रश्न असा: हा जन्मला कुठे? रानातून खणून काढलेला, की पाळलेल्या मादीच्या अंड्यांतून निघालेला? एक मादी पाळीव अवस्थेत शेकड्यांनी पिल्ले देते. मग रान ओरबाडण्याचे कारणच काय? तरीही वर्षानुवर्षे चिलीतला गुलाबी टॅरेंटुला रानातून पकडून परदेशी दुकानांत स्वस्तात विकला गेला. स्वस्त का? तर वाढविण्याचा खर्च निसर्गाने केलेला होता. मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या देखण्या कोळ्यावर अशीच झुंबड उडाली; अखेर १९८५ साली त्याच्या व्यापारावर साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराने निर्बंध घालावे लागले. तेव्हा विक्रेता जन्माबद्दल सरळ उत्तर देत नसेल तर दुकानाची पायरी उतरावी.

दुसरा प्रश्न नर की मादी. बाजार हे सहसा सांगत नाही, कारण मोठा, लांब पायांचा, डौलदार नर विकायला बरा पडतो. पण वयात आलेला नर वर्ष-दीड वर्षाचा पाहुणा असतो. मादी मात्र वीस-पंचवीस वर्षे जगते. टाकलेली कात भिंगाखाली धरली तर मादी ओळखता येते. विक्रेत्याला तेवढेही करायचे नसेल तर तो प्राणी विकत नाही, माल विकतो. तिसरा प्रश्न स्वभावाचा. नवशिक्याने झाडावर राहणारा, चपळ, विषारी दंशाचा कोळी घेणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी भर श्रावणात नदीत उडी घेणे. जमिनीवर राहणारा, सावकाश चालणारा, मध्य अमेरिकेतला कुरळ्या केसांचा तपकिरी कोळी घ्यावा. तो सुंदर नाही. त्याच्या चित्राला कुणी वाहवा म्हणणार नाही. म्हणूनच तो पहिल्यांदा घेण्याजोगा आहे.

संगोपनाच्या बाबतीतही माझे बाजाराशी हेच भांडण आहे. बाजाराला तुमच्याकडून सतत काहीतरी करवून घ्यायचे असते. या प्राण्याला तुम्ही बहुतेक काही करू नये असे वाटते. दुकानदार उंच काचमहाल विकतो. जमिनीवरच्या कोळ्याला उंची म्हणजे कडेलोट; पेटीत माती किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा असा भरावा की मातीपासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पसरल्या पायांच्या दीडपटीहून जास्त राहू नये. दुकानदार तापणारा दगड विकतो. बिळात राहणारा प्राणी तापले की खाली खणत जातो, कारण रानात गारवा खाली असतो. दगड खालूनच तापविला तर बिचारा सुटकेसाठी चुलीकडेच जातो. दुकानदार पाण्याच्या वाटीत ठेवायला स्पंज विकतो. तो दोन दिवसांत कुजतो. नुसती पाण्याची उथळ वाटी पुरते. पण ती कधी कोरडी पडता कामा नये. कोळ्याला पाय आखडायला स्नायू आहेत, पसरायला पुरेसे नाहीत. अंगातल्या द्रवाच्या दाबाने तो पाय लांब करतो. पाणी आटले की दाब जातो आणि पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले जातात. ती मूठ बहुधा मरणाची असते. अन्नावाचून प्रौढ मादी महिनोन् महिने काढील, पाण्यावाचून नाही.

खाण्याला आठवड्याला एखादे पाळलेले झुरळ किंवा रातकिडा पुष्कळ झाला. भिंतीवरचे झुरळ नको, त्याच्या पोटात आपण फवारलेले औषध असते. आणि कात टाकण्याच्या वेळी तर काहीच नको. ही वेळ आली की कोळी खाणे सोडतो, रेशमाची चटई विणतो आणि तिच्यावर उताणा पडतो. मग काही तास तो आपल्या जुन्या अंगातून नवे अंग हळूहळू ओढून काढतो. पाय, सुळे, पोटातल्या जठराचे अस्तरसुद्धा. यावेळी नवशिका दोन अपराध करतो. तो ‘मेला’ म्हणून त्याला केरात टाकतो, किंवा ‘मदत’ म्हणून चिमट्याने कात ओढू लागतो. पेटीत एखादा न खाल्लेला रातकिडा राहिला असेल तर तो या मऊ पडलेल्या राक्षसाला जिवंत कुरतडतो. वर्षभर ज्याचा धाक वाटला, तो प्राणी त्या काही तासांत एका रातकिड्याच्या दयेवर असतो. ज्याने ही रात्र दिवा मंद करून, हात मागे बांधून, न बोलता पाहिली, त्याने टॅरेंटुला पाळला असे मी म्हणेन. बाकीच्यांनी तो बाळगला.

न्यू जर्सीच्या नातवाला मी हे सगळे सांगितले, आणि घे म्हणून सांगितले. तिथे पाळीव जन्माची पिल्ले उघडपणे, पावतीनिशी मिळतात. बारा वर्षांच्या मुलाने वीस वर्षांचा शब्द द्यावा की नाही, हा मात्र त्याचा आणि त्याच्या आईचा प्रश्न. तो कॉलेजात गेला की पाण्याची वाटी आईलाच भरावी लागेल.

पण पुण्या-मुंबईच्या मुलांना माझे उत्तर वेगळे आहे, आणि ते त्यांना आवडत नाही. मी म्हणतो, इथे कोणताही घेऊ नका. ‘तिकडे चालते मग इथे का नाही?’ असा त्यांचा बिनतोड वाटणारा सवाल. त्याचे उत्तर आपल्याच देशातल्या एका निळ्या कोळ्याने देऊन ठेवले आहे.

आंध्रात गुत्ती नावाचे रेल्वेचे ठाणे आहे. तिथल्या लाकडाच्या वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून पोकॉक या शास्त्रज्ञाने १८९९ साली धातूसारख्या निळ्या झळाळीच्या एका कोळ्याला पोयसिलोथेरिया मेटॅलिका असे नाव दिले. नंतर शंभर वर्षे तो कुणा अभ्यासकाच्या दृष्टीस पडला नाही. २००१ साली तो नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात, जुन्या झाडांच्या ढोलीत पुन्हा सापडला. लाकडाबरोबर तो गुत्तीला आला असावा. त्याचे घर हे नव्हे, ते होते. २००८ साली आययूसीएनने त्याची गणना अतिसंकटग्रस्तांत केली, कारण ज्ञात वस्तीचा टापू शंभर चौरस किलोमीटरहूनही लहान आणि तिथली झाडे तुटत चाललेली. आणि एवढ्या काळात युरोप-अमेरिकेच्या हौशी मंडळींच्या घरोघरी याच निळ्या कोळ्याच्या पेट्या लागल्या होत्या! जो प्राणी जगात दुसरीकडे कुठे नाही, त्याचे पूर्वज त्या पेट्यांत स्वतः चालत गेले नसतील. आम्ही त्याला शोधून काढला, आणि सावकारांनी आमच्या आधीच त्याची पिल्ले मोजायला घेतली. २०१९ साली या सबंध पोयसिलोथेरिया गणाचे नाव साइटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आले. उशिरा का होईना, आले.

उलट दिशेची वाहतूकही आहे. जुलै २०२० मध्ये चेन्नईच्या कस्टम्स अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेले एक टपालाचे पुडके उघडले. चांदीचा कागद आणि कापूस यांत गुंडाळलेल्या छोट्या कुप्या, आणि प्रत्येक कुपीत एक जिवंत कोळी, एकूण १०७. आयातीचा परवाना नव्हता, आरोग्याचा दाखला नव्हता. तेव्हा आमच्या बाजारात जे काही येते त्याचा जन्मदाखला कुणापाशी असतो? २०२२ च्या दुरुस्तीने आमच्या वन्यजीव कायद्यात साइटीसच्या प्राण्यांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आले आणि असा प्राणी बाळगणाराने त्याची नोंद करणे आता भाग आहे. पण दुकानदार मुलांना काय सांगतो? “अहो, कोळ्याला कोण विचारतो!” हेच तर दुःख आहे, की कोळ्याला कुणी विचारीत नाही. वाघाची कातडी धरली तर वर्तमानपत्रात चौकट येते. ढोलीतून सगळे कुटुंब उपसून नेले तर त्या झाडाखाली बसलेल्या गुराख्यालाही पत्ता लागत नाही.

हौशी पक्षाचा एक मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे, तो डावलून मी पुढे जाणार नाही. ते म्हणतात, जंगल तर जाणारच आहे. पेटीत वाढविल्याने निदान जात टिकेल, आणि पाळीव पिल्ले मिळू लागली की रानातून पकडणे थांबेल. यातला दुसरा अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच नातवाला मी होकार दिला. पहिला अर्धा भाग मात्र लबाडीचा आहे. पेटीतली ती पिढी रानात परत सोडण्यासाठी कुणी वाढविलेली नाही, विकण्यासाठी वाढविली आहे. आणि ‘जंगल जाणारच’ हे वाक्य जो उच्चारतो, त्याला जंगल गेलेलेच हवे असते. म्हणजे त्याच्या पेटीचे मोल वाढते. घर जळत असताना आतले दागिने उचलून पळणारास आपण रक्षक म्हणत नाही.

‘मग आम्ही पाहायचेच नाही का?’ असे मुले विचारतात. पाहा ना! सह्याद्रीच्या उतारावर, घाटरस्त्याच्या कडेच्या मातीच्या दरडींत याच कुळातले कोळी बिळे करून राहतात. पावसाळ्याच्या तोंडाशी रात्री बॅटरी घेऊन जा. बिळाच्या तोंडाशी रेशमाचे पांढरे अस्तर दिसेल, आणि दम धराल तर त्यातून बाहेर आलेली पायांची दोन टोके दिसतील. काडी घालू नका, खणू नका. जागा लिहून ठेवा, पुढच्या वर्षी पुन्हा जा. पुण्यात प्राणिसर्वेक्षणाच्या कचेरीत राहून बी. के. टिकादार यांनी भारतीय कोळ्यांच्या अभ्यासात आयुष्य घातले, आणि तरीही आमच्या घाटांतून अजून नव्या जाती निघतच आहेत. हे काम पैशाने होत नाही, परत परत गेल्याने होते.

ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या विदुषीने टॅरेंटुलाच्या दूरच्या नात्यातल्या, बिळाला झाकण लावून राहणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास १९७४ साली सुरू केला. त्यातल्या एका मादीचे नाव होते ‘सोळा नंबर’. कुणी तिला पेटीत घातले नाही, तळहातावर घेतले नाही. दरवर्षी माणसे जात, तिच्या दारापाशी वाकत, आणि ती आहे असे लिहून परत येत. २०१६ साली तिच्या बिळाचे झाकण गांधीलमाशीने भोसकलेले आढळले. तेव्हा ती ४३ वर्षांची होती. जगात इतका दीर्घायुषी कोळी तोवर कुणाच्या नोंदीत नव्हता. शास्त्राला ती मिळाली ती कुणी तिला घरी नेली नाही म्हणून. ज्याला पहिला टॅरेंटुला हवा आहे, त्याने आधी असे एक बीळ शोधावे आणि तिथे पाच पावसाळे रिकाम्या हाताने जाऊन यावे. त्यानंतरही पेटी आणावीशी वाटली तर माझ्याकडे या. आपण मग रंगाविषयी बोलू.